दुसरी टोपी

१

मालक शेडच्या भिंतीला टेकून बसला होता. हनुवटी खाली झुकलेली, हात मांडीवर, जेवणानंतर जरा डुलकी लागावी तसा. फक्त त्याची छाती जागेवर नव्हती.

"पहिल्या धडकेत दोन्ही मांड्यांची हाडं मोडली," डॉक्टर म्हणाले. "त्यामुळे तो खाली बसला. मग गाडी मागे घेतली आणि पुन्हा घातली. दुसऱ्या वेळी बंपर थेट छातीवर आला."

"दुसऱ्या वेळी तो शुद्धीवर होता?"

डॉक्टरांनी त्याचे तळवे उलटे करून दाखवले. दोन्ही तळव्यांवर गाडीच्या पुढच्या जाळीचे चौकोन उमटले होते. येणारी गाडी त्याने हातांनी अडवायला बघितली होती.

मी तीस वर्षं पोलिसात आहे आणि माणसं मारायच्या बऱ्याच तऱ्हा पाहिल्यात. गाड्यांशी मात्र माझं कधीच जमलं नाही. ड्रायव्हिंगच्या परीक्षेत तीनदा नापास झाले, चौथ्यांदा गेलेच नाही. त्यामुळे टीव्हीवरच्या 'किल्ली' ह्या गाड्यांच्या कार्यक्रमाबद्दल मला जे काही ठाऊक होतं, ते आईच्या कृपेने. बावीस वर्षं दर रविवारी सकाळी लाल टोपीतले काका कुठलीतरी गाडी भरधाव आणायचे, झोकात थांबवायचे आणि तिचे गुणदोष सांगायचे. आयुष्यात स्टेअरिंगला हात न लावलेली माझी आई त्यातलं एक वाक्य चुकवायची नाही.

आता काका निवृत्त होणार होते. त्यांच्या जागी दोन नवे निवेदक निवडायचे होते. चार हजार अर्जांतून दोघं उरले होते आणि त्यांची शेवटची चाचणी आज, मंगळवारी, ह्या बंद पडलेल्या धावपट्टीवर चालू होती. एक वाजता जेवणाची सुट्टी झाली. पावणेदोनला सहायक दिग्दर्शिका कार्यक्रमाच्या मालकाला शोधत शेडमध्ये आली आणि किंचाळत बाहेर पळाली.

ज्या पिवळ्या गाडीने त्याला चिरडलं होतं, ती भिंतीपासून सहा पावलांवर, शूटिंगसाठी आखलेल्या खडूच्या खुणेवर उभी होती. तिच्या नाकावरून रक्त ओघळत होतं.

"मॅडम, एक विचित्र आहे," ठसे घेणारा म्हणाला. "रक्तातून टायर फिरलेत. गाडी मागे आली, खुणेवर थांबली, आणि मग पुन्हा वीतभर पुढे आली."

"वीतभर? कशाला?"

"तेच तर. मी असतो तर सुसाट पळालो असतो."

मृताच्या पायाशी एक निळी टोपी पडली होती. कोरी करकरीत, आतलं लेबलही तसंच, आणि अर्धी रक्ताने भिजलेली. मी ती उचलायला वाकले तेवढ्यात बाहेर आरडाओरडा सुरू झाला. कुणीतरी ओरडत होतं, "मारा तिला! हिनेच चिरडलंय!"

२

पाच-सहा जणांनी एका बाईला जमिनीवर पाडलं होतं आणि लाथा घालत होते. एकाच्या हातात दिव्याचा लोखंडी दांडा होता. मी त्याच्या मनगटावर काठी हाणली, हवालदाराने दोघांच्या मानगुटी धरल्या, तेव्हा कुठे ती दिसली. जेमतेम माझ्या खांद्याला लागेल एवढी, ओठ फाटलेला. तिने हातावर एक दात थुंकला आणि त्याच्याकडे रागाने बघितलं.

सगळे तिला ट्रकवाली म्हणायचे. बापाच्या मागे दहा चाकी ट्रक तिने आठ वर्षं एकटीने चालवला होता. निवेदकाच्या खुर्चीपर्यंत पोचलेल्या दोघांपैकी ती एक.

तिच्याविरुद्ध पुरावा बघता बघता गोळा झाला. पिवळ्या गाडीची सीट पार पुढे ओढलेली होती. उंच माणसाचे गुडघे तिथे मावलेच नसते. सकाळी ती गाडी तिनेच चालवली होती. आणि एक वाजता मालकाच्या खोलीतून तिचा आवाज चार जणांनी ऐकला होता: "तुम्हाला गाडीखाली घेतलं पाहिजे!"

"म्हणाले ना," ती म्हणाली. "ट्रकवर असलं दिवसातून दहा वेळा म्हणतो आम्ही. म्हणून रोज मुडदे पडतात का?"

"भांडण कशावरून झालं?"

"सांगणार नाही."

"तुझ्या गळ्याशी आलंय, कळतंय ना?"

"कळतंय. एकाला शब्द दिलाय."

"एक ते पावणेदोन कुठे होतीस?"

"माझ्या ट्रकमध्ये. एकटी. रडत होते, ते कुणाला दाखवायचं नव्हतं."

मी तिच्यापुढे पिवळ्या गाडीचा फोटो ठेवला. माणसं अशा वेळी रक्ताकडे बघतात. हिने कपाळाला आठ्या घातल्या आणि पुढच्या चाकावर बोट ठेवलं. "चाक वाकडं ठेवून कोण उतरलं? असा ड्रायव्हर माझ्याकडे एक दिवस टिकणार नाही."

माझ्या सबइन्स्पेक्टरला तो उद्धटपणा वाटला. मी काही म्हणायच्या आत त्याने तिच्या थोबाडीत दिली, नेमकी फाटलेल्या ओठावर. त्याला मी खोलीबाहेर काढला आणि जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण कोठडीचं दार उघडायला काही कारण माझ्याजवळ नव्हतं. वरून दोनदा फोन आला होता. शुक्रवारपर्यंतची कोठडी घ्यायची, त्या दिवशी तिला पुन्हा कोर्टापुढे उभी करायची, खुनाचं कलम लावायचं, विषय संपवायचा.

म्हणजे खरा खुनी दुसरा कुणी असेल, तर मला दोन दिवस होते. आणि ती दुसऱ्या कुणाचं तरी नाव ओठाआड दाबून बसली होती.

३

दुसरा उमेदवार मालिकांमधला नट होता. सहा फूट उंच, डोक्यावर निळी टोपी, आणि भेदरलेला इतका की खुर्चीत बसायचं सोडून खुर्चीच्या दांडीवर बसला.

"ही तुमची टोपी," मी रक्ताळलेली टोपी पिशवीतून दाखवली.

"माझी माझ्या डोक्यावर आहे की!" त्याने ती काढून छातीशी धरली. "काकांची लाल, माझी निळी, अशी मालकांची कल्पना. कालच शिवून आली."

"मग ही दुसरी कुणाची?"

"मला एकच दिली. तुमची शपथ."

मी रक्ताळलेली टोपी पिशवीसकट त्याच्या डोक्यावर धरली. ती त्याच्या टाळूवरच अडकली. चांगली दोन बोटं लहान होती.

"गाडी चालवता येते?"

नटाने हळूच दाराकडे पाहिलं. "टीव्हीवर चालवतो ना, ती बिनगिअरची. क्लच दाबायला गेलो की माझी पाचावर धारण बसते. सकाळी चाचणीत अकरा वेळा गाडी बंद पडली."

"तरी तुमची निवड होणार होती?"

"मालक म्हणाले, काळजी करू नकोस, त्याची सोय आहे."

"कसली सोय?"

ते त्याला माहीत नव्हतं. खोटं बोलत असता तर अभिनय बरा केला असता. मारेकऱ्याने शेडमध्ये गिअरची गाडी दोनदा पुढे आणि दोनदा मागे नेली होती, तीही कुणाला हाक न ऐकू येईल इतक्या झटक्यात. हा गृहस्थ पहिल्याच फेरीत गाडी बंद पाडून मालकाच्या शिव्या खात बसला असता.

मी त्याला जायला सांगितलं. दारात थबकून तो म्हणाला, "एक सांगू? मालकांनी काकांना निवृत्त केलं नाही, हाकललं. सोमवारी मेकअपच्या खोलीत काकांनी आरसा फोडला. हाताने."

४

काकांच्या उजव्या हाताला बोटांपासून मनगटापर्यंत पट्टी होती. टीव्हीवर दिसतात त्यापेक्षा ते थोराड होते, जाड भिंगांचा चष्मा लावायचे, आणि टोपीशिवाय एखाद्या बँकेतल्या कारकुनासारखे दिसायचे.

"हो, फोडला आरसा," ते म्हणाले. "मालकाचं डोकं फोडायचं होतं, पण तो बुटका खाली वाकला."

"त्याला मारायची इच्छा होती?"

"बावीस वर्षं. रोज." ते हसले. "आज कुणीतरी माझं काम केलं. माझे आभार कळवा त्याला."

"सुट्टीत कुठे होतात?"

"ह्याच खोलीत, दार लावून. साक्षीला कुणी नाही. बेड्या आणल्यात?"

मला ह्या माणसाची चीड आली आणि थोडी कीवही. मी विचारलं, "ट्रकवालीचं कुणाशी बरं होतं?"

"मिस्तरीशी. दोघं सारखे टायरवर बसून गप्पा मारायचे. तिला इथे दुसरं कुणी विचारत नव्हतं."

मिस्तरी शेडच्या मागच्या भागात भेटला. मालक आणि काका सोडले तर कार्यक्रम सुरू झाल्यापासूनचा हा एकटाच माणूस. सगळे त्याला मामा म्हणायचे. लहान चणीचा, पन्नाशीचा, अंगात तेलाचे डाग पडलेला डगला. हत्यारं भिंतीवर उंचीप्रमाणे लावलेली, एकही पाना वाकडा नाही. कोपऱ्यात सीटच्या कापडाची एक जाडजूड उशी होती, मध्ये दबून खळगा पडलेली.

"ही कशाला?"

"कंबर दुखते, मॅडम. बसायला घेतो."

"सुट्टीत कुठे होता?"

"इथेच. टायर बदलत होतो. हवेचा कॉम्प्रेसर चालू होता, त्यामुळे काही ऐकू आलं नाही." तो माझ्याकडे न बघता हात पुसत राहिला. "बाई बाहेर किंचाळल्या तेव्हा कळलं."

"ट्रकवाली कशी आहे?"

"गाडी फार चांगली चालवते." तो थांबला. मग म्हणाला, "पण राग वाईट तिचा. रागाच्या भरात माणूस काय करेल, सांगता येत नाही."

तिचा एकुलता एक मित्र तो, आणि त्यानेही हात झटकले. मी शेडमधून निघाले तेव्हा माझ्याकडे तीन गोष्टी होत्या: वीतभर पुढे आलेली गाडी, पुढे ओढलेली सीट आणि कुणाचीच नसलेली लहान टोपी. तिन्ही एकत्र ठेवल्या तर लहानखुरी ट्रकवालीच दिसत होती. मी ती टोपी कोठडीत नेऊन तिच्या डोक्यावर धरली.

बरोबर बसली.

५

बुधवारी संध्याकाळी कपडे बदलायला घरी गेले तेव्हा आई 'किल्ली'चा जुना भाग बघत बसली होती. चॅनेलने दिवसभर जुने भाग लावले होते, श्रद्धांजली म्हणे.

"जेवून जा," ती पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. "त्या पोरीने खरंच केलं का गं?"

"टोपीसुद्धा बसली तिला."

मी फाईल टेबलावर टाकली आणि तोंड धुवायला गेले. परत आले तर आईने चष्मा लावून पिवळ्या गाडीचा फोटो हातात धरला होता. सरकारी फाईल उघडली म्हणून ओरडणार होते, पण तिचा चेहरा बघून गप्प बसले.

"ही काकांनी लावलीय," ती म्हणाली.

"काय?"

"गाडी. काकांनी लावलीय. हे बघ, पुढचं चाक दाराकडे वळवलंय, बघणाऱ्याला अख्खं दिसावं म्हणून. आणि चाकाच्या मधल्या झाकणावर कंपनीची अक्षरं आहेत ना, ती सरळ उभी आहेत. कुणीही गाडी थांबवली की ती कुठेही थांबतील, आडवी, उलटी, तिरकी. काका ती सरळ होईपर्यंत गाडी जराशी पुढे घेतात. बावीस वर्षांत एकदाही उलटी नाहीत. तुझ्या बाबांना मी दाखवायचे, म्हणायचे, टापटीप शिका ह्यांच्याकडून."

माझ्या हातातला टॉवेल तसाच राहिला. "जराशी म्हणजे किती?"

"वीतभर."

पडद्यावर काकांची गाडी धूळ उडवत आली, थांबली, आणि वीतभर पुढे सरकली. चाक वळलं. अक्षरं सरळ होती. मग चित्र बदललं, दार जवळून दिसलं, आणि लाल टोपीतले काका हसत उतरले.

ट्रकवाली फोटोतल्या चाकावर का चिडली होती, ते मला आत्ता कळलं. तिने गाडी कधीच अशी लावली नसती. मारेकऱ्याने एका माणसाला दोनदा चिरडलं, गाडी खुणेवर आणली, आणि रक्ताने माखलेली ती गाडी सवयीने कॅमेऱ्यासाठी लावून ठेवली. ती सवय बावीस वर्षांची होती.

"म्हणजे काका," मी म्हणाले.

आईने टीव्ही बंद केला. इतक्या वर्षांत 'किल्ली' चालू असताना तिने टीव्ही बंद केलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

६

गुरुवारी सकाळी सगळ्यांना शेडमध्ये बोलावलं. ट्रकवालीलाही आणलं, हातात बेड्या. मालक जिथे बसलेला सापडला होता त्या भिंतीला पाठ लावून मी उभी राहिले. कारण सांगितलं नाही. एवढंच म्हटलं की शेडमधली दुसरी गाडी, पांढरी, बाहेर नेऊन परत आत आणायची आणि खुणेवर लावायची.

नटाची गाडी दारातच तीनदा बंद पडली. त्याला मी उतरवलं.

ट्रकवालीच्या बेड्या सोडल्या. तिने गाडी एका दमात आणली, लावली, चाकं नाकासमोर सरळ केली, हँडब्रेक ओढला आणि काही न बोलता बेड्यांसाठी हात पुढे केले. झाकणावरची अक्षरं उलटी होती.

"काका, तुम्ही."

काका जागचे हलले नाहीत. "हात दुखतोय."

"बसा गाडीत."

ते बसले. गाडी रांगत आत आली, डावीकडे गेली आणि तेलाच्या रिकाम्या पिंपाला धडकली. पिंप गडगडत गेलं. काकांनी गाडी मागे घेतली, पुन्हा पुढे आणली आणि खुणेपासून दोन हात लांब तिरकी उभी केली. चाकावरची अक्षरं आडवी. काही जण हसले, मग काकांचा चेहरा बघून हसायचे थांबले. त्यांनी कपाळ स्टेअरिंगवर टेकलं होतं.

"डाव्या डोळ्याने दिसत नाही," ते म्हणाले. "कार्यक्रम सुरू व्हायच्या आधीपासून. मला बोलता येतं, मॅडम. बोलता फार छान येतं."

"मग बावीस वर्षं गाडी कोण चालवत होतं?"

"लांबचे शॉट मालक स्वतः घ्यायचा. बाकी सगळ्यांना सुट्टी देऊन. तिघांनाच माहीत होतं." त्यांनी मान वर केली नाही. "लाल टोप्या दोन शिवल्या होत्या."

मी भिंतीपासून न हलता म्हणाले, "मामा, आता तुम्ही."

मिस्तरी हात पुसत पुढे आला. "माझे हात तेलकट आहेत."

"चालेल."

तो सीट पुढे ओढून बसला. गाडी बाहेर गेली, वळली आणि अशी आत आली की माझ्यासारख्या तीनदा नापास झालेल्या बाईलाही वाटलं, गाडी चालवावी तर अशी. खुणेवर थांबली. वीतभर पुढे सरकली. चाक दाराकडे वळलं. अक्षरं सरळ उभी राहिली.

सगळे त्या चाकाकडे बघत होते. मिस्तरीने काच खाली केली, आम्ही काय बघतोय म्हणून मान बाहेर काढली, आणि त्याला स्वतःचं चाक दिसलं.

इंजिन अजून चालू होतं. त्याने चाक सरळ केलं आणि गाडी माझ्या अंगावर घातली.

७

सहा पावलांत पळायला वेळ मिळत नाही. मी दोन्ही हात पुढे केले, मालकाने केले होते तसेच. ट्रकवालीने हवालदाराला कोपराने उडवला आणि उघड्या खिडकीतून अर्धी आत घुसून बेड्या घातलेल्या हातांनी हँडब्रेक ओढला. गाडी किंचाळत आडवी झाली. बंपरचं टोक माझ्या गुडघ्यावर बसलं आणि आतलं हाड मोडल्याचा आवाज मला नीट ऐकू आला.

मिस्तरीने डगल्याच्या खिशातला पाना काढून तिच्या तोंडावर घाव घातला. हवालदाराने त्याला केसांना धरून बाहेर ओढलं. तो त्याच्या अंगठ्याला चावला, तेव्हा त्याने आणि सबइन्स्पेक्टरने मिळून त्याला जमिनीवर आपटला. नाकातून रक्त यायला लागलं तशी त्याची झटापट थांबली.

मी तिथेच भिंतीला टेकून बसले आणि बोलले, कारण उठता येत नव्हतं.

"सीट पुढे होती कारण तुम्हीही तिच्याएवढेच आहात. उशी कंबरेसाठी नव्हती. लांबून काकांएवढे उंच दिसायला तुम्ही ती खाली घ्यायचात. परवा मात्र ती घ्यायचं भान नव्हतं. आणि ती लहान निळी टोपी तुमच्यासाठी शिवलेली. नटाला क्लच झेपत नाही. त्याची सोय म्हणजे तुम्ही."

मिस्तरीने जमिनीवरून माझ्याकडे पाहिलं. त्याचा आवाज शांत होता.

"दहा वर्षं सांगत होता, काका गेले की तू. मी घरी आरशापुढे बोलायची तयारी करायचो. बायको ऐकायची. परवा सुट्टीत आला, खिशातून टोपी काढली आणि हसत माझ्या डोक्यावर घातली. म्हणाला, पुढची बावीस वर्षंही तूच, फक्त रंग बदलला. मी म्हटलं, खुर्ची? तर म्हणाला, तुझं तोंड कोण बघणार?" त्याने नाक बाहीला पुसलं. "तो भिंतीपाशी उभा राहून हसत होता. मी गाडीत बसलो."

"आणि ट्रकवाली तुमच्याऐवजी आत गेली तेव्हा?"

"ती स्वतःच्या खुर्चीसाठी भांडली. तिचं तिने निस्तरावं."

मी ट्रकवालीकडे वळले. तिची भुवई फाटून डोळा रक्ताने भरला होता. "आता तरी सांग. भांडण कशावरून झालं?"

तिने मिस्तरीकडे पाहिलं. मग म्हणाली, "पहिल्याच दिवशी मामांनी एक गाडी वळवून ठेवली, तेव्हाच मी ओळखलं, टीव्हीवर दिसतात ते हात हे. त्यांनी हात जोडले, कुणाला बोलू नकोस म्हणाले. मी शब्द दिला. मंगळवारी मालक म्हणाला, तुझी निवड झाली, सही कर. मी म्हटलं, मामांना घेणार असाल तरच करते. तो हसला, म्हणून मी ते गाडीखाली घ्यायचं बोलले."

बिनसहीचा करार मालकाच्या खोलीतून आमच्या हाती आलाच होता. त्यावर तिचं नाव होतं. सही नाही म्हणजे मालकानेच तिची निवड रद्द केली असेल, असं आम्ही शहाण्यांनी गृहीत धरलं होतं.

मिस्तरीचा चेहरा बघवत नव्हता. ट्रकवाली त्याच्यासमोर उकिडवी बसली.

"मामा, दोन दिवस मी कोठडीत होते. तुम्हाला जेवण गेलं?"



"गेलं," तो म्हणाला.

ती उठली, माझ्यापुढे हात धरले, आणि मी स्वतः तिच्या बेड्या काढल्या. माझ्या ओठांवर माफी होती, पण तिच्या फाटक्या तोंडाकडे बघून ती फारच स्वस्त वाटली. कराराबद्दल सहायक दिग्दर्शिकेने घाबरत विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "आधी दात बसवून येते. मग बघू. सही केली तर गाडी मी चालवणार, आणि बोलणारही मीच."

बाहेर चॅनेलवाल्यांचे कॅमेरे रांगेने उभे होते. हवालदाराने नेहमीप्रमाणे आरोपीच्या तोंडावर टाकायला काळं कापड आणलं. मिस्तरी पहिल्यांदाच गयावया करत म्हणाला, "मॅडम, तेवढं नको. एकदा दिसू दे." मी हवालदाराला कापड परत न्यायला सांगितलं. मला स्ट्रेचरवरून दिसत होतं, तो कॅमेऱ्यांपुढून जाताना मान ताठ करून चालला.

संध्याकाळी पायाला प्लास्टर घालून घरी आले तेव्हा आई बातम्या बघत होती. तेच चित्र परत परत दाखवत होते. मी तिला सगळं सांगितलं. तिने पडद्यावरच्या मिस्तरीच्या चेहऱ्याकडे बोट केलं.

"म्हणजे बावीस वर्षं मी कौतुक केलं ते ह्याचं," ती म्हणाली. "किती साधा दिसतो गं."

"हो."

"आणि त्या पोरीला दोन दिवस आत राहू दिलं? ठाऊक असून?"

"हो."

आईने रिमोट उचलला.

"मग टाकायचं होतंस की कापड," ती म्हणाली आणि टीव्ही बंद केला.